पहिला रुपया टायरला: स्पर्धेच्या क्रॉलरची तयारी

नवीन कुणी क्रॉलर बांधायला घेतला की पहिला फोन मोटारबद्दल येतो. किती टर्नची (तारेच्या वेढ्यांची) घेऊ, ब्रशलेस (ब्रश नसलेली) घेऊ का, थ्री-सेल बॅटरी चालेल का. प्रश्न बरोबर आहेत, फक्त त्यांची पाळी शेवटी यायला हवी. रॉक क्रॉलर ही पळवायची गाडी नाही. रिमोटवर चालणारी ही एकास दहा मापाची गाडी दगडावर इंचाइंचाने चढते, आणि चढते ती टायरच्या पकडीवर आणि वजन कुठे बसवलंय त्यावर. पहिल्या वर्षी मी उलट क्रमाने गेलो. मोटार भारी घेतली, टायर किटमधलेच ठेवले. स्पर्धेतल्या तिसऱ्या गेटवर चारही चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि गाडी बोटभरही वर सरकली नाही. तेव्हापासून माझी यादी दगडापासून सुरू होते आणि वर वर जाते. पैसेही त्याच क्रमाने घालावेत.

त्याआधी एक काम कागदावरचं. जिथे उतरणार तिथली नियमपत्रिका मागवून घ्या आणि शब्द न् शब्द वाचा. ढोबळ रीत सगळीकडे सारखी असते: दगडांमधून क्रमांक लावलेली गेटं, प्रत्येक गेट म्हणजे दोन खुणा, त्यांच्यामधून गाडी न शिवता काढायची. खुणेला धक्का लागला की गुण चढतात, रिव्हर्स घेतला की चढतात, उलटलेली गाडी हाताने सरळ केली की आणखी चढतात, आणि ज्याचे गुण कमी तो जिंकतो. पण टायरचा व्यास किती चालेल, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) किती, बॉडी खऱ्या गाडीसारखी हवी की नुसता सांगाडा चालेल, हे वर्गावर ठरतं. १.९ इंची चाकांचा वर्ग आणि २.२ इंची चाकांचा वर्ग या जवळजवळ दोन वेगळ्या गाड्या आहेत. हे पक्कं व्हायच्या आत एकही सुटा भाग मागवू नका. पुढचं सगळं मी १.९ धरून लिहितोय.

आता दगड. नाशिकचा दगड म्हणजे काळा बसाल्ट, आणि तो सगळीकडे एकसारखा नाही. सोमेश्वरच्या बाजूला नदीपात्रातला दगड पाण्याने घासून गुळगुळीत झालाय. डोंगराच्या पायथ्याला तोच दगड खरखरीत, आणि त्यावर मुरमाचा भुगा. काही थरांत जुन्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे स्फटिक वाढलेले असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मांडलेत त्याच झिओलाइटच्या कुळातले. असा दगड झिजला की वर बारीक चुरा सुटतो आणि चाकाखाली गोट्यांसारखा फिरतो. कोरड्या स्वच्छ बसाल्टवर मऊ रबर असं चिकटतं की गाडी उभ्या भिंतीला लागल्यासारखी वाटते. भुग्यावर तेच टायर हताश होतात. म्हणून सराव दोन्हीवर करा. टायर घेताना नक्षीपेक्षा रबराचा मऊपणा बघा. अंगठ्याचं नख दाबलं तर खूण उमटून हळूहळू भरून यायला हवी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथला पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा हेच रबर कडक होतं. थंडीतल्या स्पर्धेला टायर कारच्या डिकीत न ठेवता घरात ठेवा आणि ऊन अंगावर आल्यावर एक चक्कर मारून मगच गेटाला भिडा.

टायरच्या आतला फोम बहुतेक जण विसरतात. माझ्या मते टायरइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, काम तोच करतो. किटमध्ये येणारा फोम एकसारखा मऊ असतो. आडव्या उतारावर गाडीचं वजन खालच्या बाजूला गेलं की तो पूर्ण दबतो, टायर मुडपतो आणि गाडी कलंडते. दुहेरी फोम घ्या: एक थर कडक, एक मऊ. मऊ थर दगडाचा आकार घेतो, कडक थर गाडीला बसू देत नाही. पुढे थोडा मऊ, मागे थोडा कडक, अशी माझी जोडी आहे. कोर्सवर पाणी असेल तर बंद पेशींचा फोम हवा, नाहीतर चाक पाणी पितं आणि प्रत्येक चाक शंभर-दीडशे ग्रॅमने जड होतं. रिम बीडलॉकचीच घ्या, म्हणजे टायर गोंदाने न चिकटवता स्क्रूच्या कड्यात आवळता येतो आणि फोम बदलायचा झाला तर अर्ध्या तासात बदलतो. ते बारीक स्क्रू गोलाने एकापाठोपाठ आवळू नका. समोरासमोरचे दोन, मग त्यांच्या काटकोनातले दोन, असं करत जा. नाहीतर टायरची कड एका बाजूला सरकते आणि चाक लंगडतं.

वजन हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे आणि इथे नाशिकचा खरा उपयोग होतो. पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, म्हणून क्रॉलरवाले पितळेचे तुकडे चाकांच्या आत, स्टिअरिंगच्या नकलवर (पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा), एक्सलच्या खाली लावतात. बाहेरून मागवले तर एकेका जोडीला बरेच पैसे जातात. अंबडच्या एमआयडीसीत लेथवर बसणाऱ्या एका काकांकडे मी रिम आणि पितळी रॉडचा तुकडा घेऊन गेलो. त्यांनी रिम हातात फिरवली, आत बोट घालून बघितलं, आणि विचारलं, “बेअरिंगला किती जागा सोडू?” मी म्हटलं, “अर्धा मिलिमीटर.” ते म्हणाले, “तू माती नेणार आतमध्ये. पाऊण सोडतो.” लेथवरून पिवळे कीस निघत होते आणि ते दर फेरीनंतर व्हर्निअर लावून बघत होते. त्या पाऊण मिलिमीटरमुळे गोदेच्या रेतीतही ती चाकं आजवर अडकलेली नाहीत. तुमच्या ओळखीत असा टर्नर असेल तर रेखाचित्र नेऊ नका, गाडीचं चाकच घेऊन जा.

वजन लावल्यावर मोजा. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. पुढची दोन चाकं काट्यावर, मागची दोन काट्याच्याच उंचीच्या वह्यांवर, मग उलट. माझी गाडी बॅटरीसकट २,८४० ग्रॅम, त्यातले १,६५० पुढे, म्हणजे ५८ टक्के. चढावर गाडी मागे उलटू नये म्हणून पुढे जास्त हवं. ५५ ते ६० च्या दरम्यान बहुतेक चांगल्या गाड्या बसतात. वजन जितकं चाकाच्या जवळ तितकं चांगलं. बॉडीत, छतावर, मागच्या टपावर एक ग्रॅमही नको. त्यानंतर फळीची परीक्षा: गाडी फळीवर आडवी उभी करा, फळी एका बाजूने हळूहळू उचला, मोबाइलमधल्या लेव्हलवर कोन बघा. गाडी कलंडते तो आकडा वहीत लिहा. बॅटरी मधून काढून पुढे, सर्वोच्या (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटारीच्या) मागे खाली घेतली तेव्हा माझा आकडा ३८ अंशांवरून ४४ वर गेला. त्या सहा अंशांसाठी खर्च आला फक्त दोन झिप-टायचा.

एक्सल सरळ ठेवायचे की पोर्टलचे, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. पोर्टलमध्ये चाकाजवळ गिअरची जोडी असते, त्यामुळे एक्सलचा दांडा चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो आणि पोट दगडाला कमी घासतं. ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ २०१७ मध्ये पोर्टल घेऊन आली, ॲक्सियलने २०२० च्या तिसऱ्या एससीएक्स१० मध्ये तेच केलं. शिवाय गिअर चाकाशी असल्याने मधल्या शाफ्टवर ताण कमी पडतो आणि थ्रॉटल दाबल्यावर गाडी एका अंगाला पिळवटत नाही. पण गाडी उंच होते, म्हणून पोर्टल असेल तर शॉकअब खाली बसवलेच पाहिजेत. जे असेल त्यात डिफरन्शियल दोन्हीकडे लॉक असू द्या, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त फिरतील असे ओव्हरड्राइव्हचे गिअर मिळाले तर आवर्जून घाला; चढावर पुढची चाकं गाडीला ओढून घेतात आणि वळणही आखूड होतं.

शॉकअबमध्ये तेल भरताना घाई नको. पिस्टन हळूहळू वरखाली करून बुडबुडे निघू द्या, दहा मिनिटं उभा ठेवा, मग झाकण लावा. गाडी स्वतःच्या वजनाने शॉकअबच्या निम्म्या चालीइतकी तरी खाली बसायला हवी. उंच उभी गाडी फोटोत छान दिसते, दगडावर टिकत नाही.

टायरनंतर सर्वो ही जागा जिथे पैसे वाचवू नयेत. दोन दगडांच्या फटीत अडकलेलं चाक वळवायला २५ ते ३५ किलो-सेंटिमीटरचा टॉर्क लागतो, धातूचे गिअर आणि धातूचा हॉर्न (सर्वोच्या टोकाचा दांडा) लागतो. आणि मोठा सर्वो लावला की त्याला वेगळा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून सर्वोला वीज देणारं सर्किट) लावा. हे मी स्वतः भोगलंय. सातव्या गेटवर चाक अडलं, सर्वोने जोर लावला, ईएससीच्या (मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) आतल्या छोट्या बीईसीला तो करंट झेपला नाही, व्होल्टेज कोसळलं आणि रिसिव्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तेवढ्या दीड सेकंदात गाडी मागे घसरून खुणेवर बसली. वेगळा बीईसी सहा किंवा ७.४ व्होल्टवर, सर्वोवर लिहिलं असेल तेवढ्यावरच लावा. रिमोटमध्ये दोन्ही बाजूंचे एंड-पॉइंट (सर्वो कुठवर वळेल त्या मर्यादा) असे बसवा की चाक पूर्ण वळल्यावर सर्वोची गुणगुण थांबेल. गुणगुणत राहिला तर तो आतून जळतोय.

आता मोटार. साधी ब्रश असलेली ५४० मापाची ३५ ते ५५ टर्नची मोटार पहिल्या वर्षाला पुरते. टर्न जास्त तितकी ती सावकाश आणि हुकमी. ब्रशलेस घ्यायची तर सेन्सर असलेलीच, नाहीतर सुरुवातीला अडखळते आणि क्रॉलरचं अर्धं काम त्या सुरुवातीतच असतं. ईएससीत ड्रॅग ब्रेक शंभर टक्के ठेवा, म्हणजे बोट सोडलं की गाडी उतारावर जिथल्या तिथे थांबते. पिनियन (मोटारीवरचा छोटा गिअर) बसवताना वर्तमानपत्राची पट्टी पिनियन आणि त्याला भिडणाऱ्या मोठ्या गिअरच्या, म्हणजे स्परच्या, मधून काढा: पट्टी न फाटता, स्वच्छ नागमोडी घड्या घेऊन बाहेर आली की फट बरोबर. पिनियनच्या ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉक लावा, आणि धातूत धातू जातो अशा प्रत्येक स्क्रूला. प्लॅस्टिकवर मात्र त्याचा थेंब पडू देऊ नका, प्लॅस्टिक तडकतं.

बॅटरी २-सेल किंवा ३-सेल लिपो, छोटी, हलकी. कोर्स लांबलचक नसतो, मोठी बॅटरी म्हणजे उगाच वर वाहिलेलं वजन. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आठवडाभर ठेवायची तर ३.८ व्होल्ट, आणि ३.२ च्या खाली कधीच नको. ईएससीचा कटऑफ (व्होल्टेज उतरलं की मोटार बंद करणारी सोय) चालू आहे ना, ते बघा. चार्जिंग घरात कुणी जागं असताना, कोरड्या वाळूने भरलेल्या मातीच्या कुंडीत ठेवून. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत बॅटरी विसरू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, कितीही नवीन असली तरी.

बॉडीला मी फार वेळ देत नाही. नियमात बसेल, चाकाला घासणार नाही आणि हलकी असेल एवढं पुरे.

पाण्याची तयारी वेगळी. रिसिव्हरचा डबा सिलिकॉन ग्रीस लावून बंद करा, आणि सराव संपल्यावर त्याच संध्याकाळी चाकांची बेअरिंगं काढून रॉकेलने धुऊन तेल द्या. दुसऱ्या दिवशी ती गंजून करकरायला लागलेली असतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर नदीपात्र पूर्ण वर्ज्य. नाशिककर ज्यावरून पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आल्याची बातमी येते त्याच्या कितीतरी आधी सोमेश्वरचे दगड पाण्याखाली गेलेले असतात. जागा निवडताना आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. पांडवलेणी हे संरक्षित स्मारक आहे, तिथल्या दगडावर चाक लावायचं नाही. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, त्या डोंगराच्याच नावाची, आणि ते क्षेत्र संवर्धन राखीव आहे. आपल्या टायरखाली काय चिरडतंय ते वरून दिसत नाही. बंद पडलेली खाण, मालकाला विचारून शेताच्या बांधावरचे दगड, उन्हाळ्यातलं कोरडं पात्र, एवढी जागा सरावाला भरपूर आहे. गेटं म्हणून अगरबत्तीच्या दोन काड्या मातीच्या गोळ्यात रोवा, गाडीच्या रुंदीपेक्षा दोन बोटं जास्त अंतरावर. काडी मोडली की दहा गुण, असं घरीच लावून घ्या.

पेटीत काय हवं: १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे ॲलन ड्रायव्हर, चांगल्या पोलादाचे. चाकाच्या नटाला ७ चा आणि बारीक नटांना ५.५ चा पाना. जास्तीचा सर्वो हॉर्न, चाकाचे नट, ड्राइव्हशाफ्टच्या पिना, दोन रॉड-एंड, एम३ चे मूठभर स्क्रू, झिप-टाय, जुना टूथब्रश, ओलं फडकं आणि टोपी. रिमोटच्या बॅटऱ्या नव्या घाला.

आदल्या रात्री गाडी डब्यावर ठेवा, चाकं हवेत. थ्रॉटल थोडा द्या आणि रिमोट बंद करा. चाकं तिथल्या तिथे थांबली पाहिजेत. नाही थांबली तर फेलसेफ (सिग्नल तुटला की गाडी थांबवणारी सोय) पुन्हा बसवा. मग प्रत्येक चाक बोटांनी धरून आतबाहेर हलवा, लिंक (एक्सलला चासीशी जोडणारे दांडे) हलवा, स्क्रू एकेक तपासा. सकाळी पोचल्यावर गाडी पेटीतच राहू द्या आणि कोर्स पायी फिरा. प्रत्येक गेटापाशी उकिडवे बसा, डोळे गाडीच्या उंचीला आणा, पुढचं चाक कुठे पडणार आणि मागचं कुठून येणार ते ठरवा. तुमचं नाव पुकारलं की ओलं फडकं चारही टायरवरून फिरवा, भुगा पुसा आणि गाडी पहिल्या गेटासमोर ठेवा.