अचानक हृदय बंद पडू नये म्हणून घराने आणि सोसायटीने काय करावे

हृदयविकाराचा झटका आणि हृदय अचानक बंद पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. हृदय बंद पडते तेव्हा बहुधा त्याची विद्युतलय बिघडून ते नुसते थरथरत राहते आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. तरीही पस्तिशीनंतर याचे मुख्य कारण तुंबलेल्या रक्तवाहिन्या हेच असल्यामुळे सर्वप्रथम रक्तदाब आणि साखर तपासून आटोक्यात ठेवावी, आणि सिगारेटबरोबर तंबाखू व मशेरीही सोडावी. छातीत दाब आला, घाम फुटला, तर गॅस समजून सोडा पिऊन झोपू नये. तडक रुग्णालय गाठावे.

त्यानंतर घराण्याचा इतिहास विचारावा. माझ्या मते सर्वाधिक हयगय इथेच होते. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणी ऐन तरुणपणी अचानक गेले असेल, किंवा धावताना-खेळताना एखाद्याची शुद्ध हरपली असेल, तर उन्हाला अथवा उपासाला दोष न देता हृदयतज्ज्ञांकडून ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार अशा तपासणीत सापडू शकतो, आणि धोका मोठा असल्यास घातक लय ओळखून आतूनच शॉक देणारे यंत्र बसवता येते. इटलीने १९८२ मध्ये स्पर्धात्मक खेळाडूंसाठी तपासणी सक्तीची केल्यावर व्हेनेतो भागात तरुण खेळाडूंचे असे मृत्यू जवळपास ९० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आपल्या शाळांनी आणि क्रीडा मंडळांनी निदान वरचे दोन प्रश्न तरी प्रत्येक मुलाच्या पालकांना विचारलेच पाहिजेत.

एवढे करूनही कोणी कोसळलेच, तर खांदे हलवून हाक मारावी. प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल (आचके म्हणजे श्वास नव्हे), तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ न दवडता १०८ ला फोन लावून तो स्पीकरवर ठेवावा आणि छातीच्या मध्यभागी एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपरे न वाकवता, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावे. दर वेळी छाती पुरती वर येऊ द्यावी. दाब आणि शॉक यांविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, म्हणून सोसायटीने एईडी, म्हणजे छातीवर पॅड चिकटवून बाहेरून शॉक देणारे यंत्र, घ्यावे, ते कुलपात न ठेवता चोवीस तास हाताशी येईल अशा जागी लावावे, रखवालदारासह सर्वांना शिकवावे आणि त्याची बॅटरी व पॅडची मुदत दर महिन्याला पाहावी.