ताप मोजायची गन : या चुका टाळा

कोरोनाच्या काळात गेटागेटावर आलेली टेम्परेचर गन आजही शाळा, वसतिगृहं, परीक्षा केंद्रांच्या टेबलावर दिसते. मी नर्स आहे. नागपुरात अशा गेटवर उभं राहणाऱ्यांना ती कशी वापरायची हे अधूनमधून शिकवते आणि दर वेळी त्याच चुका बघते. त्यातली एक मला अजिबात सहन होत नाही : मनगटावर गन लावणं.

गन थेट ताप मोजतच नाही. कातडीतून निघणारी उष्णता ती वाचते. कपाळाची कातडी शरीराच्या आतल्या भागापेक्षा दोन-तीन अंश सेल्सिअसने थंड असते, म्हणून यंत्र त्यात आपला हिशेब मिळवून आकडा दाखवतं. तो हिशेब कपाळाचा आहे, मनगटाला तो लागू पडत नाही. त्यात थंडी वाजून ताप चढत असला की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. आत अंग भाजत असतं आणि हात गार पडलेले असतात.

एका वसतिगृहात ऑगस्टमध्ये हेच झालं. गडचिरोलीकडचा मुलगा, राखीची सुट्टी संपवून परत आला होता. गेटवर मनगटाला गन लावली, ९६.४. "जा बेटा, नॉर्मल आहे." मला तो जिन्यात भेटला, भर पावसाळी उकाड्यात शाल पांघरून बसलेला. हात धरला तर गारठलेला, मानेला हात लावला तर चटका. काखेत थर्मामीटर ठेवला, १०३.२. रक्त तपासलं तर मलेरिया निघाला, तोही फाल्सिपेरम, म्हणजे ज्यात उशीर जिवावर बेततो. त्याच रात्री भरती करावं लागलं. चौकीदाराला विचारलं, मनगट का? तो म्हणाला, कपाळावर किरण मारले तर मेंदूला त्रास होतो म्हणे. ही अफवा २०२० मध्ये घरोघरी पोचली होती, अजून गेलेली नाही. गन शरीरात काहीही सोडत नाही, अंगातून येणारी उष्णता फक्त टिपते. बिनधास्त कपाळावर धरा.

दुसरी चूक आपल्या गावाचीच म्हणावी लागेल : उन्हातून आलेल्या माणसाला तिथल्या तिथे तपासणं. नागपूरचा मे महिना सांगायची गरज नाही, २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता. दुपारी एक वाजता गाडीवरून आलेल्या पोराचं कपाळ तापलेलंच असणार. परीक्षा केंद्रावर अशा एकाला १०१ म्हणून बाजूला काढलं होतं, पोरगा रडकुंडीला आला. मी त्याला सावलीत बसवलं, रुमालाने कपाळ पुसायला लावलं. वीस मिनिटांनी ९८.२. घाई करणाऱ्यांना ही वीस मिनिटं जड जातात, पण त्या पोराचं वर्ष पणाला लागलं होतं. स्कूटीवर दुपट्टा बांधून आलेल्या मुलींचंही तेच : दुपट्टा सोडा, घाम पुसा, थांबा. आणि कूलरसमोर बसवू नका. ओल्या वाऱ्याने कपाळ गार पडतं आणि खरा ताप लपतो.

गनलाही ऊन लागतं. बहुतेक गन ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठीच असतात. ती टेबलावर उन्हात ठेवून दिली तर आकड्यांवर विश्वास ठेवू नका. मी ती सावलीच्या खोलीत अर्धा तास ठेवते आणि रोज सकाळी पहिला आकडा स्वतःच्या कपाळाचा घेऊन वहीत लिहिते. तो रोजच्यापेक्षा एक-दीड अंश हलला, की त्या दिवशी गन बाजूला.

बाकीचं थोडक्यात. सगळ्यांचे आकडे ९१-९३ येत असतील तर गन वस्तूंच्या मोडवर आहे, माणसाच्या मोडवर घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली, मशिनरी तपासायची गन माणसाला लावूच नका. गाडीची काच खाली करायला सांगा, काचेतून मोजलं तर काचेचंच तापमान येतं. अंतर पुस्तिकेत दिलं असेल तेवढंच ठेवा, बहुतेक गनना तीन ते पाच सेंटिमीटर. केस, टिकली, टोपीची कड मध्ये येऊ देऊ नका. भिंग कोरड्या मऊ कापडाने पुसा, सॅनिटायझरचा ओला हात त्यावर नको. तीनदा मोजून सोयीचा आकडा उचलणाऱ्यांना मी गेटवर उभंच करत नाही.

एक प्रश्न मात्र प्रत्येकाला विचारते : "सकाळी तापाची गोळी घेतली का?" पॅरासिटामॉल घेतलेल्याचा आकडा चार-सहा तास साधा दिसू शकतो. आकडा १००.४ किंवा वर आला, किंवा आकडा बरा असूनही माणूस कुडकुडतोय, डोळे लाल आहेत, तर गन खाली ठेवते आणि काखेत डिजिटल थर्मामीटर लावते. काख कोरडी करून, हात अंगाशी घट्ट दाबून, बीप वाजेपर्यंत.