अ‍ॅनालॉग टीव्ही बंद होतोय? नवीन टीव्ही घ्यायच्या आधी हे बघा

अ‍ॅनालॉग, म्हणजे अँटेनावरचं जुन्या पद्धतीचं प्रसारण, बंद होणार म्हटलं की लोक घाबरून थेट नवीन टीव्ही घ्यायला निघतात, कृपया थांबा. जुन्या डबा टीव्हीवरसुद्धा डिजिटल चॅनल दिसतात, फक्त मध्ये एक सेट टॉप बॉक्स लागतो.

आधी घरातला प्रत्येक टीव्ही सिग्नल कुठून घेतो ते बघा. डिश किंवा केबलच्या बॉक्सवर चालत असेल तर अँटेनाच्या प्रसारणातल्या बदलाने तुमचं काही अडत नाही. अँटेनावर असेल तर मॅन्युअलमध्ये ट्यूनर (सिग्नल पकडणारा भाग) कुठला ते शोधा. डीव्हीबी-टी, डीव्हीबी-टी२, एटीएससी, आयएसडीबी-टी असं काहीतरी दिसेल, ही डिजिटल प्रसारणाच्या पद्धतींची नावं आहेत, ते तुमच्या देशात चालणारंच पाहिजे, साधा डीव्हीबी-टी ट्यूनर टी२ चं प्रसारण पकडत नाही. आणि नुसतं 'एचडी रेडी' लिहिलंय म्हणजे आत डिजिटल ट्यूनर आहेच असं समजू नका!

ट्यूनर नसेल तर बॉक्स घ्या, पण त्याआधी टीव्हीच्या मागे वाकून बघा. एचडीएमआय असेल तर उत्तम, नाहीतर पिवळी-लाल-पांढरी वायर चालते, आणि फक्त अँटेनाचंच भोक असेल तर आरएफ आउटपुट (अँटेनाच्या भोकात जोडता येणारं) असलेला बॉक्स मागा, नाहीतर घरी आणून जोडताच येणार नाही.

अँटेनाची वायर बॉक्सला, बॉक्स टीव्हीला, टीव्हीवर योग्य इनपुट, मग ऑटो स्कॅन, म्हणजे चॅनल आपोआप शोधायला लावणं. बदलाच्या दिवशी परत एकदा स्कॅन कराच, कारण चॅनल फ्रिक्वेन्सी बदलतात. अमेरिकेत १२ जून २००९ ला हेच झालं, आधीपासून बॉक्स असलेल्यांनाही पुन्हा स्कॅन करावं लागलं.

घरात आजी-आजोबा असतील तर जोडून देऊन निघून जाऊ नका हो, खरी अडचण नंतर येते. दोन रिमोट होतात, चुकून इनपुटचं बटण दाबलं जातं आणि स्क्रीन निळी. टीव्हीच्या रिमोटवरच्या त्या बटणावर चिकटपट्टी लावा, चॅनल बदलायच्या रिमोटवर मोठ्या अक्षरात 'चॅनल' लिहा आणि त्यांच्याच हातून चार-पाच वेळा चॅनल लावून घ्या.

चित्र चौकोन चौकोन होऊन अडकत असेल तर बॉक्स परत करायची घाई नको. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या पण बातम्या कळायच्या, डिजिटलमध्ये ठराविक पातळीखाली गेला की चित्रच जातं. वायरचे जोड घट्ट करा, अँटेना थोडा वर घ्या, टॉवरच्या दिशेने वळवा आणि परत स्कॅन मारा.