सहावी ते आठवीच्या गायनवृंदासाठी समूहगीत निवडताना

चाल आवडली म्हणून गीत ठरवण्याआधी प्रत्येक मुलाचा आवाज स्वतंत्रपणे ऐकावा, कारण साधारण 12 ते 14 या वयात मुलग्यांचा आवाज फुटू लागतो आणि आधी तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) सहज लावणाऱ्या मुलाला पाच-सहा स्वरांपलीकडे जाणेही अवघड होऊ शकते. अशा मुलांसाठी मोठ्या उड्या नसलेली, मधल्या स्वरांतली स्वतंत्र ओळ, म्हणजे एका गटाने गायची वेगळी चाल, गीतात असावी; त्यांना मुलींचीच ओळ एक सप्तक खाली गायला लावणे सोयीचे वाटते खरे, पण ती अनेकदा त्यांच्या गळ्याला फार खोल जाते. स्वरमेळाची, म्हणजे वेगवेगळे स्वर एकाच वेळी गाण्याची, सवय नसलेल्या वृंदाला थेट अशा तीन ओळी एकत्र गायची रचना देण्यापेक्षा एकच चाल दोन गटांनी पाठोपाठ सुरू करायची, असे गीत आधी बसवावे. बालगीते मात्र टाळावीत. या वयाची मुले ती मनापासून गात नाहीत.