गेजग्लास ब्लो करताना

जहाजावर नव्याने फोर्थ, म्हणजे चौथा इंजिनीअर, म्हणून चढलेल्या पोराला बॉयलरपाशी नेऊन मी आधी हेच सांगतो: गेजग्लासचा, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेचा, पाइप चोंदला, मग वाफेकडचा असो की पाण्याकडचा, की काच पाणी जास्त दाखवते. वाफेची वाट बंद झाली तर काचेतली वाफ निवते, दाब उतरतो आणि खालचं पाणी वर चढतं. पाण्याची वाट बंद असेल तर वाफेचं पाणी होऊन काचेतच साठत राहतं. आत पाणी कमी होऊन बॉयलरच्या ट्यूबा (नळ्या) उघड्या पडतात, बाहेर काच भरलेली.

मी फोर्थ असताना एका टँकरवर हे पाहिलं. जहाज चांगलंच रोल करत होतं. सात बारच्या बॉयलरच्या एका काचेत पाणी डोलत होतं, दुसरीत ढिम्म. मला ढिम्मवालीच खरी वाटली. सेकंड इंजिनीअरसाहेब म्हणाले, "समुद्र हलतोय, मग हे पाणी का हलत नाही?" पाण्याकडचा पाइप गाळाने बंद होता.

सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराप्रमाणे महत्त्वाच्या बॉयलरला पातळी दाखवणारी निदान दोन साधनं लागतात, त्यातली एक तरी थेट काच. म्हणून एका वेळी एकच काच ब्लो कर, म्हणजे वाफ-पाण्याच्या जोराने तिच्या वाटा साफ करून तपास. गॉगल, हातमोजे घाल आणि काचेसमोर न राहता बाजूला उभा राहा.

वाफेचा आणि पाण्याचा कॉक बंद करून ड्रेन (काचेखालचा निचऱ्याचा कॉक) उघड. फुसकारा थांबला नाही, तर कॉक गळतोय. मग पाण्याचा कॉक उघडून बंद कर, नंतर वाफेचा. दोन्हीकडून जोर आला पाहिजे. आता ड्रेन बंद कर आणि पाण्याचा कॉक हळूच उघड. झटका दिलास तर आतली, काच फुटल्यास वाट बंद करणारी सेफ्टीची गोळी वाट अडवून बसेल. काच वरपर्यंत भरली की वाफेचा कॉक उघड, पाणी खऱ्या पातळीवर उतरेल.

पाणी उतरलंच नाही, तर बॉयलर जास्त भरलाय. उतरून दिसेनासं झालं, तर पातळी काचेखाली पण पाण्याकडचा पाइप बॉयलरला जोडलाय त्याच्या वर आहे. बर्नर बंद करून फीड, म्हणजे बॉयलरला पाणी, देता येतं. पण पाणी मुळात चढलंच नाही, तर लगेच बर्नर बंद कर, फीडला हात लावू नकोस, चीफ इंजिनीअरला उठव. तापलेल्या ट्यूबांवर थंड पाणी गेलं तर काय होईल, हे आजमावून बघायची गोष्ट नाही.

काचेच्या या पाइपांवरून दुसरं कुठलंही कनेक्शन काढू देऊ नकोस. वाफेच्या पाइपाला झोळ पडला तर त्यात पाणी अडतं, तेही बघ. निघताना कॉकांच्या दांड्यांवर नजर टाक: चालू स्थितीत तिन्ही खाली लोंबतात, म्हणजे कंपनाने सैल पडल्या तरी जागच्या हलत नाहीत.