आय-२०चं दुसरं पान आणि मेक्सिकोतली माडी

आमच्या वाडीतून यंदा दोघं ऑगस्टमध्ये अमेरिकेला चाललेत. मी मे महिन्यात वेंगुर्ल्याला घरी आलेय, तर रोज संध्याकाळी दोघं पडवीत येऊन बसतात आणि विचारतात, बॅगेत काय भरू? बाबांनो, कुकर घ्या, आमसुलं घ्या, सुक्या मासळीचं तुमचं तुम्ही बघा. बॅगेपेक्षा मला एका कागदाबद्दल सांगायचंय. तो म्हणजे आय-२०, प्रवेश मिळाल्यावर युनिव्हर्सिटी देते आणि व्हिसासाठी लागतो तो फॉर्म.

एसओपी (प्रवेशासाठीचा निबंध), फंडिंग, व्हिसाची मुलाखत यातलं तुम्हाला आता माझ्याहून जास्त येतं. म्हणून थेट मार्चवर येते. मार्चमध्ये आठवडाभर स्प्रिंग ब्रेक असतो. थंडीनं आणि असाइनमेंटनी माणूस तोवर सुक्या बांगड्यासारखा झालेला असतो. अशात कोणीतरी म्हणतं, मेक्सिकोला जाऊया, स्वस्त पडतं. आमच्यात तो कोणीतरी म्हणजे एक सीनियर होता. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, हे त्यानं सांगितलं ते खरंच होतं. "आय-२०वर सही आहे ना? मग झालं," हेही त्यानंच सांगितलं. मी फोल्डर उघडला, सही होती. निघाले.

ती सही ती नव्हे.

आता कंटाळा आला तरी हे नीट वाचा. आय-२०च्या पहिल्या पानावर खाली युनिव्हर्सिटीच्या डीएसओची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याची, सही असते आणि तिच्याखाली तुमची. ती सही तुमच्या प्रवेशापुरती. दुसऱ्या पानावर तळाशी 'ट्रॅव्हल एन्डॉर्समेंट' असा एक तक्ता असतो. नाव, हुद्दा, सही, तारीख, ठिकाण असे रकाने. पहिल्यांदा अमेरिकेत उतरता तेव्हा तो कोरा असला तरी चालतो, म्हणून तर तो कोरा आहे हे कोणाच्या डोक्यात येत नाही. पण एकदा आत जाऊन बाहेर पडलात की परत शिरताना त्या तक्त्यात डीएसओची सही लागते. ती वर्षभर चालते, ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच शिक्षणाशी निगडित नोकरीची परवानगी) असाल तर सहा महिने. आणि हे दिवस मोजायचे ते परतीच्या तारखेपर्यंत, निघायच्या नव्हे. मेक्सिको असो, कॅनडा असो की वेंगुर्ला. चार दिवस जा नाहीतर चार महिने. पहिलं पान नाही, दुसरं. परत सांगते, दुसरं.

मला हे कळलं शनिवारी दुपारी, पुएर्तो वायार्ताच्या हॉटेलात. मैत्रीण तिचे कागद कपाटात ठेवत होती, तिच्या दुसऱ्या पानावर निळ्या शाईची सही दिसली. मी माझं पान उलटलं. सगळ्या ओळी कोऱ्या. पोटात गोळा आला. सीनियर शेजारच्या खोलीत होता. म्हणाला, "काही होत नाही गं, कोण बघतंय."

सीनियर लोकांबद्दल माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. स्वतःच्या बाबतीत जे निभावलं ते ते नियम म्हणून सांगतात. हाच मुलगा आणखी एक सांगायचा, व्हिसा संपला असला तरी मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत जाऊन परत येता येतं. अमेरिकेच्या बाजूनं तशी सवलत आहेही. पण व्हिसा संपलेला असेल तर मेक्सिकोवाले तुम्हाला आत कशाच्या जोरावर घेतील? त्यांना चालूच व्हिसा लागतो, नाहीतर त्यांचा स्वतःचा. अर्धं खरं सांगणारा माणूस थापाड्यापेक्षा महाग पडतो.

मी डीएसओला ईमेल टाकला. शनिवार-रविवार ऑफिस बंद. करण्यासारखं काहीच उरलं नाही, म्हणून रविवारी समुद्रावर गेले. तिकडेही सूर्य आपल्यासारखाच समुद्रात बुडतो, त्यामुळे आणखीच रडू आलं. समुद्रालगतच्या फरसबंद रस्त्याला ते मालेकोन म्हणतात. तिथं एक म्हातारा खांद्यावर भलामोठा वाळका भोपळा घेऊन उभा होता. त्यातून पांढरट काहीतरी ग्लासात ओतायचा, वर सफरचंदाचे बारीक तुकडे आणि अक्रोडासारखं काही. नाव विचारलं तर म्हणाला, "तुबा." ग्लास नाकाशी नेला आणि मी थबकले. हा वास माझ्या ओळखीचा होता. आमचं भंडारी समाजाचं घर, आजोबांनी तरुणपणी माडावर चढून माडी काढलेली. एक घोट घेतला. नीरेच्या पुढची, माडीच्या अलीकडची. फोनमधल्या भाषांतरावर त्याच्याशी बोलले. तीच रीत, माडाची पोय बांधायची, छेदायची, खाली भांडं लावायचं. फिलिपिन्सच्या खलाशांनी ही विद्या तिकडे नेली. १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं तिथलं मनिला ते मेक्सिकोतलं अकापुल्को अशी गलबतं ये-जा करत होती. तिकडच्या एका आंब्याचं नावही मनिलाच. काडीला खोचून, फुलासारखा कापून, वर तिखट, मीठ आणि लिंबू. त्या दिवशी मी दोन खाल्ले.

इतर गोष्टी पटपट. तोर्तिया म्हणजे मक्याची भाकरी समजा, पण मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. ती किलोवर मिळते आणि आपल्याकडे मुलाला पाव आणायला धाडतात तसं तिकडे हातात कापड देऊन तोर्तिया आणायला धाडतात. शेजारच्या नायारित राज्यात फणस पिकतो, रस्त्याकडेला सोललेले गरे मिळतात, माझ्या वाट्याला कापा आला. मेन्यूत १८०च्या आधी डॉलरचं चिन्ह बघून मी उठायलाच निघाले होते, पण पेसोचं चिन्हही तेच आहे. एटीएम 'आमच्या दरानं डॉलरमध्ये वळवू का' विचारतं, तिथं नाही म्हणायचं. आणि विमानतळाच्या दारात गोड बोलून टॅक्सी, नकाशा देणारे असतात, ते टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरातला वाटा, विकणारे. मान खाली घालून चालत राहा.

मंगळवारी डीएसओचं उत्तर आलं, सही केलेल्या आय-२०च्या पीडीएफसकट. आता अशी ईमेलनं आलेली सही चालते, त्यामुळे माझ्यासारखी वेळ आली तर हातपाय गाळू नका. ऑफिस बंद असलं तरी बहुतेक युनिव्हर्सिटींचा आणीबाणीचा नंबर असतो, तो निघण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवा. मी आपल्या बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानासारखं एक दुकान शोधलं आणि दोन प्रती काढल्या, एक पर्समध्ये, एक पासपोर्टसोबत. त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली.

आणि परत अमेरिकेत शिरताना, ह्यूस्टनच्या विमानतळावर काय झालं? ऑफिसरनं विचारलं, काय शिकतेस, कुठे गेली होतीस. पासपोर्ट परत दिला. दुसरं पान त्यानं उलटलंच नाही. सीनियर मागून म्हणाला, "बघ, सांगितलं होतं ना!" मी काही बोलले नाही, कारण दुसऱ्या युनिव्हर्सिटीचा एक मुलगा शेजारच्या रांगेतून उठवून आतल्या खोलीत नेलेला मला दिसत होता. नंतर सामानाच्या पट्ट्याशी भेटला. हातात आय-५१५ए नावाचा फॉर्म, तीस दिवसांत कागद पुरे करून पाठवायचे, आणि पुढचं विमान चुकलेलं. त्याला निदान आत तरी घेतलं, परत पाठवायचा अधिकारही त्यांना असतो. यावेळी घरी येताना मी एप्रिलमध्येच डीएसओच्या दारात जाऊन तारीख तपासून घेतली. क्लार्कबाई हसल्या. हसू देत.

परवा आजोबांना तुबाचा फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले.

"थंय पण माडार चडतत?"

"चडतत आजोबा."

"आणि ह्या वर काय घातलानी?"

"सफरचंद."

फोन माझ्या हातात परत देत म्हणाले, "मगे ती माडी नाय. फ्रूट सलाद झाला ता."