बोटीवरचं जुनं पितळ: घासण्याआधी नीट बघा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर किनाऱ्याला. केबिनमधलं पितळी होकायंत्र, घड्याळ, वायुभारमापक यांच्याकडे बघायला हीच सवड. सुरुवात गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने करा. मिठाचे कण राहिले तर घासताना तेच ओरखडे काढतात.

हिरवट थर दिसला तर घाबरायचं कारण नाही, तो निघतो. गुलाबी-तांबूस डाग मात्र वाईट. तिथल्या पितळातलं जस्त खाऱ्या पाण्याने खाल्लेलं असतं आणि मागे उरतं ते ठिसूळ तांबं. असा स्क्रू चमकवत बसू नका, बदलाच.

चिंच-मीठ देवघरातल्या समईला ठीक, यंत्राला नको. आंबट पाणी फटीत शिरतं आणि तिथेच राहतं. ब्रासोसुद्धा थेट ओतू नका. काचेच्या कडेला मास्किंग टेप लावा, फडक्यावर दोन थेंब घ्या आणि हलक्या हाताने पुसा. कोरलेल्या आकड्यांवर तर आणखी हलका हात हवा, त्यांतला काळा रंग एकदा निघाला की वाचताना पंचाईत. होकायंत्राजवळ स्टील वूल अजिबात नको: लोखंडाचे बारीक तुकडे अडकतात, गंजतात, चुंबकाकडे ओढले जातात.

शेवटी मेणाचा पातळ हात द्या. लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, दिसायला झकास, पण चालत्या बोटीवर त्याला ओरखडा पडणारच आणि मग पितळ आतून काळं पडत जातं. मेण काय, पुन्हा लावता येतं.